संरक्षित रेघोट्या

चित्रकार ताईला सार्वजनिक कलाकृती विद्रूप करताना भर दुपारी रंगेहाथ पकडण्यात आलं. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते, त्यामुळे निदान 'रंगेहाथ' या शब्दाबद्दल तरी कुणाला शंका घ्यायला जागा नव्हती. कलाकृती तिचीच होती, एवढाच काय तो किरकोळ तपशील.

असं काहीही घडलेलं नाही. सौंदर्यीकरण विभागाचं तसं स्पष्ट म्हणणं आहे, आणि विभागाकडे शिक्का आहे, आपल्याकडे नाही. तेव्हा वरचा परिच्छेद आपण कुणी वाचलाच नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करू.

तर पहिल्यापासून तिथे एक भिंत होती. वीज उपकेंद्राची. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली, उंच आणि कंटाळ्याच्या रंगाची. समोर शिंपीण काकूंचं दुकान, त्याला लागून सलून, वरच्या मजल्यांवर घरं. गल्लीतल्या माणसांनी खिडकी उघडली की भिंत, दार उघडलं की भिंत. विभागाने ठरवलं, की तिच्यावर लोकसहभागातून चित्र काढायचं. चित्राचा विषय लोकांनी सुचवायचा होता. तो 'पक्षी, ढग आणि प्रगती' असावा, हे विभागाने आधीच सुचवून ठेवलं होतं.

ताईने ते ऐकल्यासारखं केलं आणि घरोघर जाऊन विचारलं, "भिंतीवर काय पाहिजे?"

"मी," शिंपीण काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मी. आणि मोठी काढ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. सुई आता अंदाजाने ओवते. मशीनवर बसल्याजागी मला मी दिसले पाहिजे, एवढी मोठी काढ."

"काकू, ऑपरेशन करून घ्या ना."

"करणार आहे. हातातले कपडे शिवून संपले की लगेच." काकूंच्या मागे कपड्यांचा डोंगर छताला टेकला होता.

"एवढी मोठी काढली तर नाक खिडकीएवढं होईल."

"होऊ दे. जन्मभर लोकांची मापं घेतली. एकदा माझं कुणीतरी मोठं माप घ्या."

पुढे मग रांगच लागली. सलूनवाले मामा म्हणाले, "मलाही काढ, पण केसांसकट."

"मामा, तुम्हाला केस कुठे आहेत?"

"म्हणून तर चित्र काढ म्हणतोय, फोटो काढ म्हटलं का?"

गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले, की माझा चेहरा मुळीच नको, फक्त फळा काढ. फळ्याशेजारी मी उभा असलो तर चालेल. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मला बसलेली काढ. नुसती बसलेली. घरात कुणी मला तशी पाहिलेली नाही."

ताईने सगळ्यांना शब्द दिला. आता शब्द दिला की तो पाळावा लागतो, ही जुनी खोड तिला होती. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तेच.

एवढ्या मोठ्या भिंतीवर काम करताना एक अडचण असते. जवळ उभं राहिलं की नाक कुठे आणि कान कुठे हे कळत नाही. त्यावर चित्रकारांनी एक युक्ती काढलेली आहे. आधी भिंतभर वाटेल ते गिरगटायचं. मग त्याचा फोटो काढायचा आणि फोनमध्ये त्या फोटोवर आपलं चित्र ठेवून बघायचं. म्हणजे कळतं, की डावा डोळा त्या माशाच्या शेपटीपाशी येणार आणि हनुवटी त्या उलट्या सातच्या खाली. मग रंगवत गेलं की गिरगटलेलं सगळं रंगाखाली जातं आणि चित्र उरतं.

ताईने गल्लीलाच गिरगटायला बोलावलं. "काहीही काढा. जेवढं वेडंवाकडं तेवढं चांगलं. राहणार नाहीये."

राहणार नाही म्हटल्यावर माणसं मोकळी होतात. मामांनी एक भलीमोठी मिशी काढली. मास्तरांनी एक समीकरण सोडवलं आणि घाईघाईत शेवटच्या पायरीला चूक केली. वहिनींना काहीच सुचेना, म्हणून त्यांनी नवऱ्याला उद्देशून 'गॅस संपलाय' असं लिहून टाकलं. नाहीतरी तो फोन उचलत नव्हता. शिंपीण काकूंना समोरचं नीट दिसत नव्हतं, पण हाताला सवयीचं जे होतं ते त्यांनी लिहिलं: 'कंबर ४४'. ते नेमकं मिशीच्या खाली आलं.

"काकू, हे माझं माप आहे!" मामा ओरडले.

"मग कुणाचं असणार?"

"ते जुनं माप आहे."

"जुनं बेचाळीस होतं."

सगळे हसले. ताईने फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी ती रंग आणायला गेली. इथपर्यंत सगळं जगात जसं चालतं तसं चाललं होतं.

उद्घाटनाला अजून बराच अवकाश होता. पण प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले कलासमीक्षक अचानक परदेशी निघाले होते. विभागाचे साहेब म्हणजे तारीख चुकवतील पण पाहुणा चुकवणार नाहीत. त्यांनी उद्घाटन अलीकडे ओढलं. चित्र झालंय का हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण फितीची व्यवस्था झाली होती.

ताई रंगाचे डबे घेऊन रिक्षातून उतरली तेव्हा फीत कापून झाली होती. समीक्षक भिंतीसमोर डोळे मिटून उभे होते.

"थांबा, थांबा!" ताई धावत आली. "हे चित्र नाहीये!"

समीक्षकांनी डोळे उघडले. "अगदी बरोबर. हे चित्र नाहीच."

"तसं नाही. ही नुसती तयारी आहे."

"ऐकलंत?" समीक्षक साहेबांकडे वळले. "नुसती तयारी! माणसाचं सगळं जगणं म्हणजे तरी काय असतं?"

"अहो, चित्र अजून काढायचंय!"

"आणि ते कधीच काढून होणार नाही," समीक्षक म्हणाले. 'गॅस संपलाय' पाशी जाऊन ते बराच वेळ थांबले. आधुनिक माणसाची दमछाक इतक्या थोडक्यात मांडलेली आपण पाहिली नव्हती, असं ते म्हणाले. वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "आणलाय हो त्यांनी. काल रात्री भरला." तेही समीक्षकांनी टिपून घेतलं.

पुढच्या आठवड्यात भिंतीशेजारी एक फलक लागला. 'शीर्षक: निःशब्द. कलावंत: समस्त गल्ली. संरक्षित कलाकृती. स्पर्श करू नये.' भिंतीवर निम्मे शब्दच होते, याचं कुणालाच काही वाटलं नाही. फलकाशेजारी एक पहारेकरी आला. मग पेपरात फोटो आला. मग लांबलांबून माणसं येऊन मिशीखाली उभं राहून फोटो काढायला लागली आणि मामांना बघून म्हणायला लागली, "अरे, हेच ते चव्वेचाळीस!"

मास्तरांचे हाल सगळ्यांत वाईट होते. चुकलेलं समीकरण पेपरात छापून आलं होतं. जुने विद्यार्थी फोन करून हळहळत होते. कुणाचाच हेतू वाईट नव्हता, तेच जास्त लागत होतं. मास्तर खडू घेऊन भिंतीकडे निघाले की पहारेकरी शिट्टी वाजवायचा.

"अहो, फक्त उणे चिन्ह घालायचंय!"

"संरक्षित आहे सर."

"चूक संरक्षित कशी असेल?"

"मला फलकावरचं बघायचंय. गणित माझ्याकडे नाही."

आणि शिंपीण काकू रोज मशीनवर बसून समोर बघायच्या. "आले का गं मी?" त्या ताईला विचारायच्या. ताई म्हणायची, "अजून नाही, काकू." एकदा काकू म्हणाल्या, "लवकर कर हो. आता भिंतच नीट दिसेना झालीय." त्या अगदी सहज, दोरा तोडता तोडता म्हणाल्या. ताई तिथून उठली ती तडक विभागात गेली.

"बदल करायचा असेल तर मूळ कलावंताची संमती लागेल," साहेब म्हणाले.

"मूळ कलावंत मीच."

"फलकावर तुमचं नाव नाही. फलकावर 'समस्त गल्ली' आहे."

दुसऱ्या दिवशी समस्त गल्ली विभागात आली. ती साहेबांच्या खोलीत मावेना, म्हणून थोडी जिन्यात उभी राहिली.

"सगळ्यांची संमती आहे?" साहेबांनी विचारलं.

"सगळ्यांची," मास्तर म्हणाले.

"एकाचाही विरोध नाही?"

"एकाचाही नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हे संगनमत झालं. संगनमताने केलेली मागणी विभागाला विचारात घेता येत नाही."

"बरं, मग एकाचा विरोध आहे," मामा चपळाईने म्हणाले. "माझा."

"मग एकमत नाही. एकमत नसताना बदल कसा करणार?"

जिन्यातून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ते कौतुक होतं की काय, हे कळलं नाही.

"निदान माझी कंबर तरी पुसू द्या हो," मामा म्हणाले.

"कंबर आता माझ्या हातात राहिलेली नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तिला पुरस्कार जाहीर झालाय." आणि ते खरं होतं. वर्षातली सर्वोत्तम सार्वजनिक कलाकृती म्हणून 'निःशब्द'ची निवड झाली होती. पुरस्कार घ्यायला साहेब स्वतः जाणार होते. त्यांनी कोट शिवायलाही टाकला होता, तोही काकूंकडेच.

त्याच संध्याकाळी समीक्षकांचा परदेशातून फोन आला. तिकडे एक मोठी भिंत रिकामी होती. ताईने यावं, तशाच रेघोट्या काढाव्यात. नाव होईल, जग ओळखेल.

"मला चेहरे काढता येतात," ताई म्हणाली.

"ते विसरता येतील. थोडा सराव लागेल."

"मला विसरायचे नाहीयेत."

"विचार करा. असली संधी पुन्हा दार ठोठावत नाही."

"आमच्या गल्लीत दारं उघडीच असतात, ठोठावायला लागत नाहीत," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग ती खाली आली आणि चौकात उभी राहून म्हणाली, "उद्या सकाळी परांची येतेय. ज्याला घाबरायचं असेल त्याने आजच घाबरून घ्या. उद्या हात मोकळे पाहिजेत."

सकाळी गल्लीने दुकानं उघडली नाहीत. बांबूची परांची बांधली गेली, डबे उघडले गेले. पहारेकऱ्याने जीव तोडून शिट्टी फुंकली.

"स्पर्श करायला बंदी आहे!"

"माझा स्पर्श होतच नाहीये," ताई वरून म्हणाली. "ब्रशचा होतोय. ब्रशला पकडा."

पहारेकरी फलक वाचायला गेला. ब्रशबद्दल त्यावर काही नव्हतं.

"बस रे बाबा," काकू म्हणाल्या. "उन्हात उभा राहून चक्कर येईल. हे घे स्टूल." नेमून दिल्याप्रमाणे त्याला नजर भिंतीवर ठेवायची होती, म्हणून त्याने स्टूल भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि बसला. दिवसभर त्याने इतकी चोख नजर ठेवली, की मामांचा कान तिरका होतोय हे पहिल्यांदा त्यानेच ओरडून सांगितलं. संध्याकाळी त्याला रोजच्या छापील कागदावर सही करायची असे: 'कलाकृती सुस्थितीत आहे.' त्याने मान वर करून पाहिलं. काकूंचे डोळे झाले होते. एकेक डोळा दरवाजाएवढा. कलाकृती खरोखरच सुस्थितीत होती. त्याने सही केली.

असं बरेच दिवस चाललं. मास्तरांनी आपलं समीकरण स्वतःच्या हाताने बुजवलं आणि वर आलेल्या फळ्यावर एकही आकडा लिहू दिला नाही. वहिनी भिंतीवर बसल्या, पाय पसरून. मिशी काकूंच्या ओठांखाली गडप झाली. आणि ज्या दुपारी ताई काकूंच्या मांडीवरचं निळं कापड पुरं करत होती, त्या दुपारी साहेब आले, नव्या कोटात. कोट अंगावर घालून कलाकृतीसमोर त्यांना फोटो काढून हवा होता.

"काय केलंत हे?" साहेबांचा आवाज चिरकला.

"चित्र."

"चित्र इथे होतं!"

"ती तयारी होती. चित्र हे आहे."

"हा गुन्हा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. लिहा." ताई परांचीवरून उतरली आणि तिने दोन्ही निळे हात पुढे केले. "माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आणि काय केलं ते सविस्तर लिहा. कुणाकुणाचे चेहरे आहेत तेही."

साहेबांनी पेन काढलं. टोपण उघडलं. मग ते जरा थांबले. गुन्हा लिहायचा म्हणजे कलाकृती नष्ट झाली असं लिहायचं. कलाकृती नष्ट झाली म्हणजे पुरस्कार गेला. पुरस्कार गेला म्हणजे चौकशी आली. चौकशी आली म्हणजे पूर्वतयारीचं उद्घाटन कुणी केलं, हा प्रश्न आला. हे सगळं साहेबांच्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ एक सरकताना सगळ्या गल्लीने पाहिलं. त्यांनी टोपण लावलं.

"काही घडलेलं नाही," ते म्हणाले.

"अहो साहेब, काकूंचं नाक तुमच्या डोक्यावर आलंय!"

"मला कुठलंही नाक दिसत नाही. मला रेघोट्या दिसतायत. फक्त जरा पुसट झाल्यात."

शिंपीण काकू दुकानातून उठल्या. हातातला कपडा खाली ठेवून त्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या. तिथे त्या मान वर करून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या काकू खालच्या काकूंकडे बघत होत्या, आणि दोघींच्याही तोंडात एकच टाचणी होती.

"मी दिसतेय," काकू म्हणाल्या. मग त्या साहेबांकडे वळल्या. "मोतीबिंदू मला झालाय. मला दिसतंय आणि तुम्हाला दिसत नाही? मग डॉक्टरकडे कुणी जायचं, तुम्ही की मी?"

साहेब फोटो न काढताच गेले. गल्लीला वाटलं, आपण जिंकलो. गल्लीला असं नेहमीच जरा लवकर वाटतं.

'पुसट झाल्यात' हे साहेबांचे शब्द होते, आणि साहेबांचा शब्द विभागात वाया जात नाही. महिन्याभरात एक ट्रक आला. त्यातून डागडुजीवाला उतरला. त्याच्याकडे उद्घाटनाचा फोटो, काळ्या रंगाचा डबा आणि आदेश होता: पुसट झालेल्या रेघोट्या मूळ जागी ठळक कराव्यात. मूळ जागी म्हणजे मिशी काकूंच्या ओठांवर, 'कंबर ४४' हनुवटीवर, मास्तरांची चूक फळ्यावर, आणि नुसत्या बसलेल्या वहिनींच्या मांडीत पुन्हा 'गॅस संपलाय'.

"मी परत उठणार नाही," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीला पाठ लावून रस्त्यावर बसल्या. त्यांच्या शेजारी मास्तर, मग मामा, मग काकू मशीनच्या स्टुलासकट. पहारेकऱ्याने जरा विचार केला. कलाकृतीचं रक्षण करणं हे त्याचं कामच होतं. तोही बसला.

साहेब जीपमधून उतरले. "तुम्ही शासकीय कामात अडथळा आणताय."

"कसलं काम?" ताईने विचारलं.

"रेघोट्या ठळक करण्याचं."

"कुठे आहेत रेघोट्या?"

"समोर."

"बोट ठेवून दाखवा."

साहेबांनी बोट वर केलं. ते काकूंच्या नाकपुडीशी घुटमळलं आणि परत खिशात गेलं.

डागडुजीवाला ट्रकच्या फळीवर बसून हे बघत होता. त्याला भांडणाशी देणंघेणं नव्हतं. "ते तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा, या भिंतीबद्दल कुठला अर्ज प्रलंबित नाही ना? असला तर मी डबा उघडत नाही. मागे एका पुतळ्याला रंग देत होतो, निम्म्यात अर्ज निघाला. निकाल लागेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तो पुतळा अजून एकाच पायात बूट घालून उभा आहे."

"काही अर्ज नाही," साहेब झटकन म्हणाले.

"आहे," ताई म्हणाली. "पाच मिनिटं थांबा."

ती तिथेच रस्त्यावर मांडी घालून अर्ज लिहायला बसली. काकूंनी तिच्या पाठीशी उशीसारखा एक कपड्यांचा गठ्ठा सरकवला. मास्तरांनी भाषा तपासली. मामा म्हणाले, "चांगलं झणझणीत लिही," आणि मास्तर म्हणाले, "नाही. नम्र लिही. नम्रतेने माणूस जास्त चिडतो."

साहेबांनी अर्ज घेतला. वाचला. पुन्हा वाचला. मंजूर करायचा तर चित्र आहे असं मान्य करावं लागत होतं. नामंजूर करायचा तर आधी स्थळपाहणी करून, भिंतीवर नेमकं काय आहे ते लेखी द्यावं लागत होतं. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग जीपमधून शिक्का मागवला आणि अर्ज मिळाल्याचा ठप्पा मारला. डागडुजीवाल्याने शिडी ट्रकमध्ये परत टाकली, काकूंच्या भल्यामोठ्या चेहऱ्याकडे बघून "छान आलंय" म्हणाला आणि गेला.

अर्ज अजून प्रलंबित आहे. त्याचा मजकूर असा:

'माननीय विभागप्रमुख यांस सविनय सादर. मी खाली सही करणार चित्रकार, अर्ज करते की, वीज उपकेंद्राच्या भिंतीवर मी दिवसाढवळ्या, कोणाचीही परवानगी न घेता आणि रहिवाशांच्या पूर्ण संगनमताने, रहिवाशांचे चेहरे रंगवले आहेत. सदर कृत्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही व नजीकच्या काळात होण्याची चिन्हे नाहीत. तरी विभागाने समक्ष येऊन भिंत पाहावी, प्रत्येक चेहऱ्यासमोर उभे राहून हा कोणाचा असे मोठ्याने विचारावे, मिळालेले उत्तर लिहून घ्यावे, आणि मला रीतसर दोषी ठरवून शिक्षा द्यावी, ही नम्र विनंती. शिक्षा लवकरात लवकर व्हावी. मागच्या गल्लीतली भिंतही मोठी असून ती सध्या रिकामी आहे, व तिथल्या लोकांनी मला कालच बोलावले आहे, ही बाब विभागाच्या निदर्शनास आदरपूर्वक आणून देत आहे.'